जुन्या फवारणी पंपाची दुरुस्ती हेही पीक संरक्षणच

कीटकनाशकाची शिफारस जितक्या काटेकोरपणे ठरविली जाते, तितकीच बेफिकिरी ते कीटकनाशक ज्या पंपातून पिकावर पडते त्या पंपाविषयी आढळते. मात्रा हेक्टरी ग्रॅममध्ये निश्चित होते, आर्थिक नुकसानीची पातळी प्रति पान किडींच्या संख्येत मोजली जाते, औषधांचे गट आलटून पालटून वापरण्याचा क्रम आखून दिला जातो. हे सारे ज्ञान अखेरीस मिलिमीटरभर छिद्रातून बाहेर पडते. ते छिद्र किती झिजले आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. फवारणी फसली की दोष प्रथम औषधाला, मग किडीच्या प्रतिकारशक्तीला आणि शेवटी हवामानाला दिला जातो.

२०१५ साली पंजाब आणि हरियाणातील कपाशीवर पांढऱ्या माशीचा जो उद्रेक झाला, त्यानंतरची चर्चा प्रामुख्याने बनावट कीटकनाशकांभोवती फिरली. ती चर्चा आवश्यकच होती. परंतु पांढऱ्या माशीची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूस चिकटून, जागा न सोडता रस शोषतात. स्पर्शजन्य औषधाचा थेंब तेथवर पोहोचला नाही, तर औषध अस्सल असूनही उपयोग होत नाही. भातावरील तपकिरी तुडतुड्याचीही हीच कथा आहे. तो बुंध्याशी बसतो आणि फवारा वरच्या पानांवरच अडतो. थेंब कोठे पोहोचतो हे फवारणाऱ्याच्या हातावर जितके अवलंबून असते, तितकेच पंपाच्या दाबावर आणि नोझलवर.

पाठीवरचा पंप हे एक साधे हायड्रॉलिक यंत्र आहे. दट्ट्या द्रावण दाबकक्षात ढकलतो, दोन झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत आणि साठलेला दाब नोझलमध्ये द्रावणाचे थेंब करतो. जुन्या पंपात बिघाड बहुधा दोन ठिकाणी होतो. दट्ट्याचे वॉशर, ज्याला गावोगावचे मिस्त्री वायसर म्हणतात, ते आणि झडपा झिजल्याने दाब टिकत नाही. आणि नोझलचे छिद्र मोठे होते. पितळी नोझल पोलादी किंवा सिरॅमिक नोझलपेक्षा लवकर झिजते, आणि पाण्यात मिसळणारी भुकटी वापरली की अधिकच लवकर. काटा किंवा तार घालून नोझल साफ करण्याची सवय उरलेले काम पूर्ण करते.

हे दोन बिघाड एकमेकांना झाकतात, ही गोष्ट विस्तार कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी. नोझलचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब ३ किलोवरून दीड किलोवर आला, तर प्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. त्याच वेळी नोझल झिजून ४० टक्के अधिक द्रावण सोडत असेल, तर मिनिटाला बाहेर पडणारे पाणी जवळजवळ नव्या पंपाइतकेच भरते. मापात काही चूक दिसत नाही. शेतकरी म्हणतो, पंप उत्तम चालतो. पण थेंब मोठे झालेले असतात. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की तेवढ्याच द्रावणातील थेंबांची संख्या एक अष्टमांश उरते. मोठा थेंब पानावर ठरत नाही, ओघळून मातीत जातो. पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा कमी दाबावर मोडतो आणि त्याच्या धारा दिसू लागतात.

याच कारणाने अर्धवट दुरुस्ती धोक्याची ठरते. केवळ वॉशर बदलले तर दाब परत येतो, आणि झिजलेले नोझल आता खरोखरच ४० टक्के जास्त द्रावण टाकू लागते. जेथे १० पंप पुरत होते तेथे १४ लागतात. वॉशर आणि नोझल एकाच वेळी तपासावे, हा नियम प्रत्येक प्रशिक्षणात सांगितला गेला पाहिजे. नव्या नोझलच्या तुलनेत प्रवाह, दाब तोच असताना, १० टक्क्यांहून अधिक वाढला की नोझल बदलावे, हा सर्वमान्य निकष आहे. त्यासाठी मोजपात्र, घड्याळ आणि दाबमापक एवढीच सामग्री लागते.

दाबाची परीक्षा तर त्याहून सोपी आहे. टाकीत स्वच्छ पाणी घेऊन दाब चढवावा आणि ट्रिगर बंद ठेवावा. बाहेर कोठेही थेंब न दिसता दाब काही मिनिटांतच उतरला, तर गळती आतली आहे. अनेकदा झडपेच्या गोळीखाली अडकलेला वाळूचा कण एवढेच कारण निघते. सुटे भाग निवडताना मात्र स्वस्ताई नडते. ईसी प्रकारच्या औषधांतील द्रावकांनी साधे रबर फुगते व मऊ पडते. अशा वापरासाठी व्हायटॉनसारखे टिकाऊ सील घ्यावे. जुन्या पितळी पंपातील चामडी वॉशर तेलात भिजवून बसवावे, कोरडे बसवू नये. चिरलेली टाकी मात्र दुरुस्तीच्या यादीत नसावी. ती मोडीतच काढावी.

कारण गळक्या टाकीचे पाणी फवारणाऱ्याच्या पाठीवर उतरते. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात कीटकनाशक मुख्यतः त्वचेतून शिरते, आणि भिजलेला सदरा ते तासन्‌तास अंगाशी धरून ठेवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. त्यामागे अनेक कारणे एकवटली होती. सगळा भार पंपावर टाकणे अन्याय्य ठरेल. तथापि हातमोजे आणि मुखपट्टी यांचा उपदेश करणाऱ्या यंत्रणेने पाठीवरील गळतीकडे दुर्लक्ष करावे, हे विसंगत आहे. पंप बहुधा मालकाचा आणि पाठ मजुराची असते, हेही विसरून चालणार नाही.

पंप फार महाग नाही, मग दुरुस्तीचा खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. शासकीय अनुदानाचा ओघही नव्या यंत्राच्या खरेदीकडेच अधिक आहे. पण नवा पंपही पहिल्या दिवसापासून झिजू लागतो आणि तपासण्याची सवय नसेल, तर काही हंगामांत तो जुन्याच्या पंक्तीला बसतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार फवारणी यंत्रांची ठरावीक काळाने तपासणी बंधनकारक आहे. पाठीवरच्या पंपांना मात्र सदस्य देश त्यातून सूट देऊ शकतात. आपल्याकडे अल्पभूधारकाच्या हाती बहुधा हाच पंप असल्याने, तो नियम जसाच्या तसा उचलून काही साधणार नाही.

देशात ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. खरिपापूर्वी बियाण्याची उगवण तपासण्याचे आवाहन ती करतात, त्याच आठवड्यात पंप तपासणीचा एक दिवस ठेवता येईल. स्थानिक मिस्त्री, सीलचे संच, नव्या नोझलचा साठा आणि एक दाबमापक हाताशी असला की पुरे. औषधविक्रेत्यांच्या दुकानात औषधाशेजारी नोझल मिळाले, तर निम्मे काम तेथेच होईल. गटशेती करणाऱ्या प्रगतिशील शेतकऱ्यांनी शासनाची वाट न पाहता हे सुरू करण्यासही हरकत नाही.

अशा तपासणीत एका गोष्टीची विचारपूस आवर्जून व्हावी, ती म्हणजे पंपातून पूर्वी कोणते तणनाशक फवारले गेले. कपाशी २,४-डी ला अतिशय संवेदनशील आहे आणि जुन्या रबरी नळीत मुरलेला अंशही पाने वेडीवाकडी करतो. असा पंप नुसता पाण्याने धुऊन भागत नाही. नळी आणि वॉशर बदलावे, आणि शक्य असल्यास तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवून त्याच्या टाकीवर लाल रंगाचा पट्टा ओढावा.