शिलालेखातली बाग

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वस्तुसंग्रहालयावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण ज्या शून्यावाचून आमची हिशेबाची वही चालत नाही, त्याचा एक फार जुना लेखी पुरावा ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आहे. किला गेटकडून गड चढू लागले की वाटेत कातळात कोरलेले छोटे चतुर्भुज मंदिर लागते. तिथल्या इ. स. 876 च्या शिलालेखात 270 हा आकडा शून्यासह कोरलेला मी पाहिला.

हे 270 म्हणजे एका फुलबागेची लांबी. 270 हात लांब व 187 हात रुंद जमीन फुलबागेसाठी दिली. माळ्यांनी रोज 50 माळा द्याव्यात, तेल्यांनी दिव्यांना तेल पुरवावे, अशी कायमची तजवीज त्या लेखात आहे.

याच गडाच्या पायथ्याशी, मानसिंह तोमर राजाने बांधलेल्या गुजरी महालात, 1922 पासून पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. ग्वाल्हेर संस्थानचे पुरातत्त्व अधिकारी मो. ब. गर्दे यांनी ते उभारले. पण महाल बांधला राहण्यासाठी. त्याच्या दालनांत मूर्ती मावतात. व्याख्यान, गाणे, शाळेच्या मुलांचा वर्ग कोठून मावणार? म्हणून या संग्रहालयाला विस्ताराची आणि सांस्कृतिक केंद्राची जोड हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न आहे तो कशी, हा. 2010 च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याप्रमाणे केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. अनेकांना ही अडचण वाटते. मला ती संधी वाटते. मधल्या जागेत बाग करावी, आणि ती शिलालेखातल्या मापाची! हात दीड फुटाचा धरला, तर ही जमीन सुमारे अडीच एकर भरते. बागेपलीकडे ठेंगणी इमारत असावी, म्हणजे गडाच्या भिंतीला तिची आडकाठी होणार नाही. अथेन्समध्ये 2009 साली टेकडीच्या पायथ्याशी नवे संग्रहालय उघडले. त्याच्या काचेतून वरचे प्राचीन मंदिर दिसते. आपल्यालाही वस्तू आणि तिचा डोंगर एकाच नजरेत का दिसू नयेत?

कोणी म्हणेल, एवढी जागा कोठे आहे? किला गेटची वस्ती दाट आहे हे खरे. तिला उठवून बाग करणे मला मुळीच मान्य नाही. एक सलग तुकडा मिळाला नाही तर चार लहान तुकडे जोडावेत.

केंद्रात गाण्याला पहिला मान असावा. तानसेनाची समाधी तेथून जवळच आहे, आणि 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून गौरविले. आमच्या कन्नड विभागातील मित्रांनाही हे परके वाटू नये. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे आरंभीचे गुरू नीलकंठबुवा हे ग्वाल्हेर घराण्याचेच.

शेवटी मुद्दा जमाखर्चाचा. इमारतीला पैसा एकदाच लागतो. माळी, पहारेकरी, दिवाबत्ती यांना रोज लागतो. आपल्याकडे उद्घाटनाची कोनशिला बसते, पण दुसऱ्या वर्षीच्या माळ्याच्या पगाराची तरतूद कोणत्याच कागदावर नसते. 876 साली ती दगडावर होती. नव्या केंद्राच्या आराखड्यासोबत नियोजकांनी तो लेख एकदा वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.