बारीक अक्षराची किंमत

भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्याचे मराठीवर मोठे ऋण आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली याच सोसायटीच्या छापखान्यातून बाहेर पडली. सुमारे ६० हजार शब्द एका खंडात बसवायचे, म्हणजे बारीक खिळे आणि दाट रकाने अपरिहार्यच होते. त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. कोश उघडावा, एक शब्द पाहावा आणि मिटावा, हीच त्याची रीत. परंतु कोशाला शोभणारे अक्षर जेव्हा पाठ्यपुस्तकाला, अर्जाला किंवा परिपत्रकाला लावले जाते, तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो हे विचारणे भाग पडते.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. तो अर्थशास्त्राचाही आहे. १२ पॉइंटांचा मजकूर १० पॉइंटांवर आणला आणि ओळींमधील अंतरही त्याच प्रमाणात घटवले, तर जवळजवळ ३० टक्के जागा वाचते. ही बचत छापणाऱ्याच्या हिशेबात जमा होते. खर्च मात्र कोणत्याच वहीत दिसत नाही. तो रात्री अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या आणि चाळिशी लागलेल्या शिक्षक-कारकुनांच्या डोळ्यांवर पडतो. कागद महाग आहे, अक्षर वाढवल्यास पुस्तकाची किंमत वाढेल, हा आक्षेप खोटा नाही. परंतु काटकसर करायचीच असेल, तर ती मजकुरातील पाल्हाळात आणि पानावरील अनावश्यक सजावटीत करावी. वाचकाच्या दृष्टीत नव्हे.

मराठीच्या बाबतीत हा अन्याय दुहेरी होतो. पॉइंट म्हणजे इंचाचा सुमारे ७२वा भाग. पण हे माप अक्षर ज्यावर बसते त्या खिळ्याचे असते, अक्षराचे नव्हे. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते. त्यामुळे मधल्या अक्षराला अंग चोरून बसावे लागते. जोडाक्षरांची पोकळी शाईने भरते. ध आणि घ, भ आणि म यांतला भेद पुसट होतो. द्विभाषिक अर्जात इंग्रजीला आणि मराठीला एकच आकडा लावणे ही वरवरची समानता आहे.

अक्षराचा आकार हा ग्राहकाच्या हक्काचा भाग आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केलेले आहे. वेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनी वेष्टनावरील सक्तीच्या मजकुराची अक्षरे किमान १ मिलिमीटर उंचीची असावीत, असे बंधन घातले. ही मर्यादा उदार नाही. पण निदान मर्यादा तरी आहे. बिस्किटाच्या पुड्याला जो नियम लागतो, तो विद्यार्थ्याच्या पुस्तकाला का नसावा?

पडद्यावर अक्षर वाढवण्याचा अधिकार प्रथमच वाचकाच्या हाती आला, आणि तो वाढवूनही मजकूर शाबूत राहावा, अशी अपेक्षा सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत २००८ पासून नोंदलेली आहे. आपल्याकडे मात्र शासन निर्णय, परिपत्रके पीडीएफच्या साच्यात येतात. २१० मिलिमीटर रुंदीचे पान ७० मिलिमीटरच्या मोबाइलवर मावते, तेव्हा १२ पॉइंटांचे अक्षर ४ पॉइंटांचे उरते. ते वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचकाला प्रत्येक ओळीसाठी बोट डावी-उजवीकडे फिरवावे लागते.

उपाय खर्चिक नाहीत. मराठी मजकूर शेजारच्या इंग्रजीपेक्षा एक-दोन पॉइंटांनी मोठा असावा. ओळींत मात्रा-उकारांना पुरेसे अंतर असावे. परिपत्रक पडद्यानुसार ओळी जुळवून घेणाऱ्या स्वरूपातही द्यावे. आणि छपाईचा आदेश देण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने तो कागद एकदा चष्मा काढून वाचावा. जे वाचता येत नाही ते जाहीर केले, असे म्हणता येत नाही.