एक ना धड, दोन पीआर

गेल्या रविवारी कॉलेजच्या मित्रांच्या व्हिडिओ कॉलवर अर्धा तास एकाच विषयावर वाद झाला : मी मूर्ख आहे की नाही. निकाल चार विरुद्ध एक असा लागला. तो एक म्हणजे मीच :)

झालं असं. दोनेक वर्षांपूर्वी कॅनडाचा पीआर घेऊन मी टोरांटोला आलो. तेव्हाच, कुठलं काय होईल भरवसा नाही म्हणून, ऑस्ट्रेलियाच्या रांगेतही नाव घालून ठेवलं होतं. आता तिकडचाही पीआर मंजूर झालाय. पत्रात एक तारीख दिलेली असते, तिच्या आत एकदा त्या देशात पाऊल टाकायचं. म्हणजे तिकीट काढा, चार दिवस मेलबर्न बघा, परत या. झालात दोन देशांचे कायमचे रहिवासी! आणि मी म्हणतोय, मी जाणार नाही.

"अरे, लोक एकासाठी मरतात आणि तू दुसरा सोडतोस?" हा मित्रांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा, "कायद्यात बसतं ना? मग ठेव की दोन्ही."

बसतं. हे आधीच मान्य करून टाकतो. कॅनडा विचारत नाही की तुझ्याकडे दुसरीकडचा पीआर आहे का. ऑस्ट्रेलियाही नाही. भारतीय पासपोर्टलाही धक्का लागत नाही. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही, पण पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. अमेरिकेचं ग्रीन कार्ड जरा वेगळं. तिथे नुसते दिवस मोजत नाहीत, तुमचा इरादा बघतात. खरं घर दुसरीकडे आहे असं दिसलं तर कार्ड सोडून दिलं असं धरू शकतात. कॅनडा-ऑस्ट्रेलियाचं तसं नाही, तिथे गणित आहे. तर गणितच करू. इंजिनियर आहोत, दुसरं येतं काय?

कॅनडाचा नियम : दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस तिथे हवेत. ऑस्ट्रेलियात पहिल्या पाच वर्षांनी बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी संपते. ती पुन्हा पूर्ण पाच वर्षांसाठी हवी, तर मागच्या पाचांत दोन वर्षं तिथे काढलेली असावी लागतात. म्हणजे ७३० अधिक ७३०, झाले १४६०. पाच वर्षांचे दिवस १८२६. उरले ३६६. कागदावर जमतं! पण कुठली कंपनी तुम्हाला दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे नाचू देते? बायको-मुलं, शाळा, घरभाडं यांचं काय? प्रत्यक्षात होतं ते असं की माणूस एकीकडे राहतो आणि दुसरीकडचा पीआर हळूहळू मरत असतो. मुदत संपायच्या वर्षी मग धावाधाव.

बरं, नागरिकत्व? कॅनडाला पाच वर्षांत १०९५ दिवस हवेत. ऑस्ट्रेलियाला लागोपाठ चार वर्षं हवीत आणि त्यात बाहेर काढलेला काळ बारा महिन्यांच्या वर चालत नाही. एकाच पाच वर्षांत दोन्ही बसवून दाखवा, मी चहा पाजतो. दोन पीआर सांभाळण्याच्या नादात जे एक नीट मिळालं असतं तेही लांबतं.

"बॅकअप आहे रे तो." हा तिसरा मुद्दा, आणि आमच्या धंद्यातला असल्यामुळे सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा. मंडळी, ज्या बॅकअपवरून एकदाही रिस्टोअर करून पाहिलेलं नाही त्याच्या भरवशावर कोणी शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करतं का? मेलबर्नमध्ये ना माझी नोकरी, ना घर, ना ओळखीचा माणूस. तो बॅकअप नाही, मनाची समजूत आहे.

आणि ही समजूत फुकट नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये कॅनडाने २०२५ सालच्या पीआरचा आकडा ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणला. जागा मोजून दिल्या जातात. जो नुसता 'असू दे' म्हणून एक जागा अडवतो, तो रांगेत उभ्या असलेल्या कुणाची तरी अडवतो. रेल्वेत दोन बर्थवर रुमाल टाकणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

अपवाद आहेत. अमेरिकेत एच-वन-बीवर वर्षानुवर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या भारतीयाने कॅनडाकडे पाहिलं तर मी एक शब्द बोलणार नाही. कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्के, या नियमाने त्याची रांग संपतच नाही. जुलै २०२३मध्ये कॅनडाने अशा लोकांसाठी दहा हजार वर्क परमिट काढले, ते दोन दिवसांत संपले. पण त्या माणसाकडे कायमचं एकही ठिकाण नसतं. तो एक शोधतोय. मी बोलतोय ते एक मिळाल्यावर दुसरं गोळा करणाऱ्यांबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल.

आता 'कायमचं' या शब्दाबद्दल. मी वाढलो जवाहरनगरला, भंडारा जिल्ह्यात, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या इस्टेटमध्ये. टाईप-टूचं क्वार्टर. शेजारी बंगाली, समोर तेलुगू, मागे यूपीवाले. नोकरी आहे तोवर क्वार्टर, रिटायर झालं की चावी परत. कुठलाही फॉर्म भरताना बाबा 'सध्याचा पत्ता' मध्ये क्वार्टर नंबर लिहायचे आणि 'कायमचा पत्ता' मध्ये गाव, जिथे ते वर्षातून चार दिवस जायचे. लहानपणी मला हे खोटं वाटायचं. आता वाटतं, त्यांना दोन रकाने होते, पण कायमचा रकाना एकच होता. मला दोन कायमचे रकाने भरायचे होते, तेही दोन्हींत आपलं कुणी राहत नसताना.

२४ जानेवारी २०२५. सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या फॅक्टरीत स्फोट झाला. आठ कामगार गेले. टोरांटोत तेव्हा मध्यरात्र होती. ग्रुपवर धुराचे व्हिडिओ यायला लागले आणि बाबांचा फोन लागेना. आईचाही लागेना. तासाभराने शेजारच्या काकूंनी सांगितलं, दोघं लग्नाच्या खरेदीला नागपूरला गेलेत, बाबा रजेवर आहेत. तो एक तास मी कसा काढला ते लिहीत नाही. पण हातात पीआर कार्ड होतं, आणि दुसऱ्या देशाच्या रांगेत नावही होतं.

मघाचे ३६६ दिवस आठवतात? दोन्ही देशांचे नियम काटेकोर पाळले तर पाच वर्षांत तेवढेच उरतात, वर्षाला ७३. ते आजारपण, प्रवास, ऑफिसची कामं सगळं मिळून. आई-बाबांच्या वाट्याला त्यातले किती येणार? एकच पीआर ठेवला तर १०९६ दिवस माझे राहतात. ते मी जवाहरनगरला घालवीनच असं छातीठोकपणे सांगत नाही. सुट्टी मिळायला हवी, पैसे हवेत, आणि माझ्या मनालाही तसं वाटायला हवं. पण निदान देश आडवा येणार नाही.

बाबांना फोनवर ऑस्ट्रेलियाचं सांगितलं होतं. म्हणाले, "काहून रे बेटा, दोन जागी कायमचं राहतं का माणूस?" मी त्यांना नियम समजावून सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग घरी केव्हा येतोस?"

असो. पत्रातली तारीख पुढच्या महिन्यात आहे. ती जाऊ देणार आहे. त्या पैशांतून नागपूरचं तिकीट काढलंय, दिवाळीचं. मित्रांनी अजून मत बदललेलं नाही. येत्या रविवारी पुन्हा कॉल आहे.