दहा गॅलन फुकट पाणी

‘त्यात काय, फाइव्ह-ईमध्ये करून टाकू!’

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या आपल्या मंडळींत हे वाक्य इतक्या सहज फेकलं जातं की त्यावर कुणी भांडत नाही. मी भांडणार आहे. कारण हे वाक्य मीही म्हटलं होतं, आणि माझ्या सगळ्यात आवडत्या जगाची तीन सेशनमध्ये वाट लावली होती.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत सांगायचा गोष्टीचा खेळ. एक जण जग चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. गोष्ट कुठल्या जगात घडते हा एक भाग, कुठल्या नियमांनी घडते हा दुसरा. नियमांची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली, तिलाच सगळे ‘फाइव्ह-ई’ म्हणतात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघून किंवा ‘बाल्डर्स गेट ३’ खेळून जे या नादाला लागले, त्यांना बहुतेक वेळा हेच नियम माहीत असतात. त्यामुळे कुठलंही जुनं जग आवडलं की ते उचलायचं आणि या नियमांत बसवायचं. राक्षसांचे आकडे बदलले, तलवारीचं डॅमेज बदललं, की झालं रूपांतर!

नाही झालं.

माझं आवडतं जग म्हणजे ‘डार्क सन’. १९९१ साली, डी अँड डीच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी आलेलं. त्यातल्या ग्रहाचं नाव आथास. जादूगारांनी शतकानुशतकं जादू करकरून तो जाळून टाकलाय. इथे जादूला लागणारी शक्ती झाडाझुडपांतून, मातीतून ओढून घ्यावी लागते. सांभाळून घेतली तर जमीन वाचते. ओरबाडून घेतली तर तिची राख होते. धातू दुर्मीळ, म्हणून शस्त्रं हाडांची नाहीतर दगडाची. देव नाहीत. शहरांवर जुलमी जादूगार-राजांची सत्ता. आणि पाणी? पाण्यासाठी माणसं मारतात.

आता खरी गंमत बघा. हे सगळं नुसतं वर्णनात नव्हतं, नियमांत होतं. ओरबाडणारा जादूगार सांभाळून घेणाऱ्यापेक्षा लवकर लेव्हल वर चढायचा. पुस्तक तुम्हाला ‘निसर्ग वाचवा’ असं प्रवचन देत नव्हतं. ते म्हणत होतं, ओरबाडलंस तर लवकर मोठा होशील, बघ बुवा. पुरोहित पृथ्वी, वायू, अग्नी, जल यांतल्या एकाच तत्त्वाला वाहिलेले असायचे, त्यामुळे पाण्याचे मंत्र सरसकट कुणाच्याही झोळीत नसायचे. पाणी मिळालं नाही तर पात्राची प्रकृती आकड्यांतच खालावत जायची. प्रत्येक खेळाडूनं एकाऐवजी चार पात्रं तयार ठेवायची, कारण हातातलं मरणार हे गृहीतच होतं. कथेतल्या तहानेइतकीच तहान कॅरेक्टर शीटवर होती.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही पाच जण हे जग घेऊन मुळशीला गेलो. जलाशयाच्या वरच्या अंगाला एक घर भाड्यानं घेतलं होतं. तीन दिवस, तीन सेशन, डीएम मी. आठवडाभर रात्री जागून मी सगळं फाइव्ह-ईमध्ये ‘करून’ आणलं होतं. पहिलं सेशन झकास झालं. वाळवंट, लुटलेला काफिला, फुटलेल्या पखाली. दुसऱ्या सेशनला ड्रुइड झालेला मित्र शांतपणे म्हणाला, ‘मी पाणी तयार करतो.’ फाइव्ह-ईमध्ये हा पहिल्या पातळीचा मंत्र आहे. एका दमात दहा गॅलन, म्हणजे साधारण अडतीस लिटर, म्हणजे दोन-तीन हंडे. रात्रभर झोप काढली की मंत्राची ताकद परत. जखमाही त्याच झोपेत बऱ्या.

संपलं आथास. राहिला एक मोठा वाळूचा ढीग आणि त्यात सहलीला आलेले चार सुपरहिरो. तिसरं सेशन आम्ही रेटून पूर्ण केलं.

त्याच दुपारी घराच्या टाकीतलं पाणी संपलं. समोर नजर पोहोचेल तिथवर पाणीच पाणी, आणि आमच्या नळाला एक थेंब नाही. घराची देखभाल करणाऱ्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘टँकर सांगितलाय, ताई. संध्याकाळपर्यंत येईल.’ मी जलाशयाकडे हात केला. ते हसले. ‘ते बघायचं पाणी आहे. आमच्या आजोबांचं घर आहे त्याच्या खाली.’

मुळशीचा सत्याग्रह आपण शाळेत दोन ओळींत वाचलेला असतो. १९२१ साली टाटांच्या वीज कंपनीच्या या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातले शेतकरी उभे राहिले, सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले, तुरुंगात गेले, आणि धरण झालंच. आजही इथलं पाणी घाटाखाली भिऱ्याला जातं, तिथे वीज होते, आणि पुढे ते कुंडलिकेला मिळतं. सह्याद्रीत पाऊस धो धो पडतो. पण पाणी कुणाचं, हा नियम पाऊस ठरवत नाही.

त्या संध्याकाळी टँकरची वाट बघताना माझी चूक मला दिसली. मी आथासचा नकाशा आणला, राजांची नावं आणली, राक्षस आणले. पण पाणी कुणाचं आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे आणलंच नाही. ते जुन्या नियमांत होतं, आणि नियम मी कात टाकावी तसे टाकून दिले होते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नियम हे जगावर चढवलेलं कव्हर नाही, की फोन बदलला तसं बदललं. त्या जगात काय स्वस्त, काय महाग, कशाला बक्षीस आणि कशाला शिक्षा, हे नियम सांगतात. माणूस कसा वागेल हे त्यावरूनच ठरतं. डीएमनं कितीही गहिऱ्या आवाजात ‘तुम्हाला तहान लागली आहे’ म्हटलं, तरी मंत्र फुकट असेल तर कुणालाही तहान लागत नाही.

यावर लगेच येणारं उत्तर म्हणजे, ‘मग तो मंत्र बंद करून टाक ना.’ हे उत्तर मला आणखी आळशी वाटतं. बंदी घातली की खेळाडूला आथास क्रूर वाटत नाही, डीएम खडूस वाटतो.

दुसरं उत्तर कट्टर जुन्यांचं. ‘मूळ नियमांनीच खेळा.’ माफ करा, मी दुसऱ्या आवृत्तीची तक्ते-कोष्टकं वाचली आहेत. एक घाव लागला की नाही हे काढायला वजाबाकी करायची, तीही उलटी. शिवाय ती पुस्तकं मिळवायची कुठून, आणि आठवड्यातून एक रविवार मोकळा असणाऱ्या चार मित्रांना ती शिकवायची कधी? फाइव्ह-ईचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहेत. विद्यार्थ्याच्या खिशाला ते परवडतात, ही काही लहान गोष्ट नाही. माझी तक्रार फाइव्ह-ई वापरण्याबद्दल नाही. न विचारता वापरण्याबद्दल आहे.

रूपांतर हा आपल्या भाषेला काही नवा धंदा नाही. पु. लं.नी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केलं, १९७५ मध्ये ते रंगभूमीवर आलं. लंडनच्या फुलवालीचे उच्चार मराठीत आणणं अशक्यच होतं. पण माणसानं तोंड उघडलं की त्याची पायरी ठरते, हा नियम लंडनचा तसाच आपलाही. पु. लं.नी तो नियम उचलला आणि उच्चार आपल्या मातीतले घेतले. म्हणून ते नाटक उसनं वाटत नाही.

खुद्द डार्क सनचंही एकदा असं नीट रूपांतर झालंय. २०१० साली ते चौथ्या आवृत्तीत आलं. जुना लवकर लेव्हल वाढण्याचा नियम तिथे बसणारा नव्हता. त्याऐवजी त्यांनी जादूगाराला एक सोय दिली. मोठा मंत्र फसला तर ओरबाडून फासा पुन्हा टाक, पण इजा आसपासच्या तुझ्याच सोबत्यांना होईल. आकडे सगळे वेगळे, मोह तोच. मी रूपांतर म्हणते ते याला.

आमचं आथास मी पुन्हा मांडलं, या वेळी पुण्यात, मित्राच्या गच्चीवर. पाण्याचा मंत्र ठेवला. फक्त एक ओळ वाढवली: आथासवर पाणी तयार होत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीतून येतं. मंत्र म्हटला की मी फासा टाकायचे आणि नकाशावरच्या कुठल्या वस्तीचं पाणी उतरलं ते सांगायचे. पहिल्यांदा ड्रुइडनं खांदे उडवले. दुसऱ्यांदा वस्तीचं नाव विचारलं. पाचव्या सेशनला तो त्याच वस्तीत पोहोचला. तिथल्या म्हातारीनं त्याला रिकामी घागर दाखवली, आणि टेबलावर कुणी बोलेना. त्यानंतर मंत्र म्हणण्याआधी चौघं भांडायला लागले. दोघं म्हणायचे, आपण मेलो तर त्या वस्तीला तरी कोण वाचवणार? दोघं म्हणायचे, हेच तर ते राजेही म्हणत असतील. मला आथास परत मिळालं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘करून टाकू’ म्हणालं, तर त्याला आकड्यांआधी एकच गोष्ट विचारा: या जगात काय फुकट मिळत नाही? त्याचं उत्तर नव्या नियमांत बसवा, बाकीचं खुशाल सोडून द्या. उत्तर माहीत नसेल, तर ते जग तुम्हाला अजून कळलेलं नाही. आधी तिथे एखादा उन्हाळा काढा.