गेमला शिव्या देण्याआधी

स्पष्टच लिहितो, राग आला तरी चालेल.

परवा एका शाळेच्या कार्यक्रमाची बातमी करायला गेलो होतो. पाहुणे गरजले, 'गेममुळे पोरं वाया चालली!' टाळ्या पडल्या. मी वही मिटली.

साहेब, 'पँडोरा' हे नाव ऐकलंय? गेमचं वेड असलेल्या काही जणांनी, पाठीशी कुठलीही बडी कंपनी नसताना, डिझाइन केलेला खिशात मावणारा कॉम्प्युटर. ४.३ इंची टचस्क्रीन, आत लिनक्स आणि गेमच्या बटणांच्या मधोमध ४३ कळांचा कीबोर्ड. २००८ मध्ये लोकांनी आगाऊ पैसे भरले, पहिले नग मे २०१० मध्ये निघाले. उशीर झाला, पण वस्तू झाली.

गेमच्या यंत्राला कीबोर्ड कशाला? त्याच्यावरच खेळा अन् त्याच्यावरच प्रोग्राम लिहा, म्हणून. खेळणाऱ्याला बनवणारा व्हायची वाट उघडी ठेवली.

आपण पोरांच्या हातात काय दिलं? नुसतं बोट सरकवायचा मोबाईल. वर भाषणही आपलंच!

मोबाईल हिसकावू नका, त्याला घरातला जुना कीबोर्ड जोडून द्या. पोरानं स्वतःचा गेम बनवला तर मला फोन करा. ती बातमी पहिल्या पानावर लागावी म्हणून मी भांडेन.