घटका निघून जाण्यापूर्वी

माणसाचे पोट दुखले तर तो ते बोलून दाखवितो; घोड्याला ती सोय नाही. तो चंदीला तोंड लावीत नाही, पुढच्या पायाने माती उकरतो, मान वळवून पुन्हा पुन्हा आपल्या कुशीकडे पाहतो आणि अखेर घामाघूम होऊन जमिनीवर लोळू लागतो. पोटशुळाची ही भाषा जाणत्या मोतद्दाराला कळते. ती कळल्यानंतरचे पहिले काही तास कसे जातात, यावर त्या मुक्या जिवाचे जगणे अवलंबून असते.

या बलदंड जनावराचे पोट निसर्गाने मोठे नाजूक घडविले आहे. घोड्याला वांती होत नाही. मोठ्या आतड्याचा बराचसा भाग पोटात मोकळाच असल्याने त्याला पीळ पडू शकतो. वायू कोंडल्याने किंवा चारा तुंबल्याने उठणारे बहुतेक शूळ औषधाने बरे होतात. शस्त्रक्रियेची पाळी दहांत एकावरही येत नाही. परंतु पीळ पडून ज्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, ते काही तासांतच मरू लागते आणि त्यातील विष रक्तात भिनते. तेथे शस्त्रावाचून उपाय नाही.

पोट फाडलेला घोडा जगत नाही, ही समजूत एकेकाळी निराधार नव्हती. आज मात्र चांगल्या अश्वरुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर भुलीतून उठलेल्या दर चार घोड्यांपैकी सुमारे तीन घरी परततात. कॅनडाचे स्वार इयान मिलर यांच्या ‘बिग बेन’ या विख्यात घोड्यावर १९९० आणि १९९१ साली शुळासाठी शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतरही तो अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धांत उतरला आणि १९९४ साली मानाने निवृत्त झाला. १९९९ साली पुन्हा शूळ उठला तेव्हा मात्र त्याला वेदनेतून मुक्त करावे लागले. शस्त्राने त्याला अमरत्व दिले नाही. आठ वर्षे दिली.

श्रीमंतांच्या घोड्यांचे हे कौतुक आम्हांस कशाला, असे कोणी विचारील. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या तांबड्या वाटांवर प्रवासी वाहणारे घोडे आपल्याच कोकणपट्टीतले आहेत. त्यांच्या पाठीवर कित्येक घरांच्या चुली पेटतात. मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च घोडेवाल्याला झेपणारा नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच जे त्याच्या हाती आहे ते तरी चुकू नये. स्वच्छ पाणी, वेळच्या वेळी चारा, दाण्यात एकाएकी बदल न करणे, जंतांचे औषध आणि दातांची तपासणी, यांना फार पैसा लागत नाही. शूळ उठल्यावर वेदनाशामक टोचून सकाळची वाट पाहणे, ही मात्र घातक चूक आहे. त्या औषधाने दुखणे झाकते. पीळ सुटत नाही. पशुवैद्याला आधी बोलवावे.

उरलेला भार समाजाने आणि सरकारने उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जेथे घोड्यांवर पर्यटनाचा व्यवसाय चालतो, तेथे पशुवैद्य, घोडा नेण्याचे वाहन आणि अडीअडचणीचा निधी यांची तजवीज आधीच असली पाहिजे. वाचविणे अशक्यच असेल, तर तडफड न लांबविता मरण देणे हीदेखील दयाच; पण तो निर्णय पशुवैद्याने तपासून द्यावा, उशिराने नव्हे.