सामान आधी परत करा, बोलणी नंतर

तलाक झाल्यावर बायकोचं सामान अडवून ठेवणं ही चोरी आहे. हे वाक्य मी सर्वांत आधी स्वतःला लावतो, कारण चौदा महिने मी तेच केलं.

आमचं घर पुसदचं, तिचं माहेर दिग्रसचं. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. लग्न टिकणार नाही हे दोघांनाही कळलं होतं आणि मुबारात, म्हणजे परस्परसंमतीने वेगळं व्हायचं, हेही ठरलं होतं. भांडण त्यावर नव्हतंच. ती एक बॅग घेऊन माहेरी गेली. मागे राहिलं ते असं: लोखंडी अलमारी, फ्रीज, शिलाई मशीन, भांडी, कपडे आणि एक प्लास्टिकची फाइल. अलमारी आणि फ्रीज तिच्या अब्बांनी कापसाच्या चुकाऱ्यातून घेतले होते. फाइलमध्ये दहावीपासून बी.एड.पर्यंतच्या मूळ गुणपत्रिका होत्या.

घरी बैठक बसली. एका बुजुर्गांनी सल्ला दिला, "सामान एवढ्यात देऊ नका. ते आपल्याकडे आहे तोवर ते लोक मेहरचं नाव काढणार नाहीत." मेहर ५१ हजार रुपये, निकाहनाम्यात 'उधार' लिहिलेली. मी फोनवर ऐकत होतो. गप्प राहिलो.

तिने दोनदा फोन करून फक्त फाइल मागितली. एका उर्दू शाळेत मुलाखत होती, मूळ कागद दाखवायचे होते. मी घरी विचारलं, घरच्यांनी "बैठकीत ठरलंय" म्हटलं, आणि मी तिला तेच कळवलं. दुसऱ्या प्रती काढायच्या तर अमरावतीला बोर्डात आणि विद्यापीठात खेपा घालाव्या लागतात. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. पुढे काही महिन्यांनी तिने मेहर माफ केल्याच्या कागदावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या दारातून टेम्पो भरून गेला. त्या कागदावर शब्द आहे, 'राजीखुशीने'.

हे सगळं तिला विचारून लिहितो आहे. तिचं म्हणणं होतं, नाव लिहू नका, बाकी लिहा.

आपल्या समाजात तलाकवर कमी बोललं गेलेलं नाही. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. त्यानंतर शाहबानो निकाल झाला, १९८६चा कायदा आला, २०१९चा कायदा आला. टीव्हीवर तावातावाने चर्चा झाल्या. पण अडवलेल्या अलमारीवर चर्चा होत नाही. तो 'घरातला मामला' समजला जातो. यवतमाळ असो की पुणे, बैठकीतलं वाक्य एकच असतं: आधी सही, मग सामान.

यात दीनचं काही आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी सूरह निसा उघडावी. चौथी आयत सांगते, बायकोने स्वतःच्या खुशीने मेहरमधलं काही सोडलं तरच ते तुमचं. गुणपत्रिका अडवून घेतलेली सही खुशीची कशी? विसावी आयत सांगते, बायकोला संपत्तीचा ढीग जरी दिलेला असला तरी त्यातलं काही परत घेऊ नका. आणि अठ्ठावन्नावी आयत अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचवायला सांगते.

हिजरतचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. मक्केचे लोक पैगंबरांच्या जीवावर उठले होते, आणि त्याच लोकांच्या अमानती त्यांच्याकडे ठेवलेल्या होत्या. त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अलींना मागे ठेवलं. जीव घ्यायला निघालेल्यांची अमानत ठेवून घ्यायची नाही, आणि आपण एका शिक्षिकेची फाइल ठेवून घेतो.

कुणी म्हणेल, खुलामध्ये तर बाईला द्यावं लागतंच. साबित बिन कैस यांच्या पत्नीचा दाखला सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांनी परत केली ती नवऱ्याने मेहरमध्ये दिलेली बाग. बापाने दिलेली शिलाई मशीन नव्हे.

कायदाही स्पष्ट आहे. ज्या १९८६च्या कायद्याला आपण फक्त शाहबानो प्रकरणामुळे ओळखतो, त्याचं तिसरं कलम वाचा. इद्दतच्या काळात न्याय्य तरतूद, मेहरची रक्कम, आणि लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर तिला मिळालेली सगळी मालमत्ता यांवर तलाकशुदा स्त्रीचा हक्क आहे. ही मालमत्ता तिच्या नातेवाइकांनी दिलेली असो, मित्रमंडळींनी, नवऱ्याने की नवऱ्याच्या नातेवाइकांनी. म्हणजे 'आम्ही चढवलेले दागिने आमचे' हा दावाही इथे चालत नाही. अर्ज ती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येतो, सासरच्या गावी जावं लागत नाही. आदेश होऊनही विनाकारण दिलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

२ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर निकाल दिला. न्या. संजय करोल आणि न्या. एन. कोटीश्वर सिंह यांचं पीठ होतं. पश्चिम बंगालमधल्या एका स्त्रीचं लग्न २००५ साली झालं, तलाक २०११ साली. वडिलांनी लग्नात दिलेले सात लाख रुपये आणि तीस भरी सोनं तिला परत हवं होतं. निकाहच्या नोंदीत ते जावयाला दिलं असं लिहिलंय की नुसतं 'दिलं', यावर वाद रंगला. उच्च न्यायालयात ती हरली, सर्वोच्च न्यायालयात जिंकली. पण तलाकनंतर मध्ये चौदा वर्षं गेली. यवतमाळ जिल्ह्यातली किती मुलगी दिल्लीपर्यंत लढू शकेल? नाही लढू शकत, हे आपल्या बैठकींना पक्कं माहीत असतं. म्हणूनच तर सामान अडवलं जातं.

आता नेहमीची उत्तरं पाहू.

"ती स्वतः घर सोडून गेली." घर सोडलं म्हणून मालकी सुटत नाही. मी नोकरी सोडली तर कंपनी माझ्या पदवीचा कागद ठेवून घेऊ शकते का? माझ्या क्षेत्रात शेवटच्या दिवशी यादी समोर ठेवून लॅपटॉप, ओळखपत्र, कागदपत्रं यांची देवघेव होते. मनात कितीही राग असो, यादी पूर्ण होते. शेकडो कर्मचाऱ्यांसाठी जे जमतं ते एका घराला जमत नाही?

"सामान दिलं तर ती केस करेल." केस करायची तर सामान न देताही करेल, आणि मग तिच्या हातात आणखी एक मुद्दा असेल.

"आमचंही सोनं तिच्याकडे आहे." तुमचा दावा खरा असेल तर तो वेगळा मांडा. एक अमानत अडवून दुसरी सुटत नाही.

"लग्नात आमचाही खर्च झाला." वलीमा तुमचा होता. त्याची वसुली तिच्या फ्रीजमधून होणार नाही.

जहेज घेऊच नये, ही आपली पहिली भूमिका आहे आणि राहील. माझ्या लग्नात मी ते घेतलं, हीच माझी पहिली चूक. पण घेतलेलं असेल तर ते तिचं आहे, आणि जहेजविरोधी भाषण करून ते घरात ठेवून घेता येत नाही. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५च्या नियमांनुसार लग्नातल्या भेटींची यादी करून त्यावर वधू-वरांच्या सह्या घ्यायच्या असतात. आपल्याकडे मंडपात माईकवरून मेहर जाहीर होते, पण यादी कुणी करत नाही. पुढच्या निकाहला ती करायला लावा.

वेगळं व्हायचं ठरलं तर काय करायचं, तेही लिहितो. शिक्षणाची कागदपत्रं, आधार, पॅन, बँकेचं पुस्तक, औषधं, मुलांची कागदपत्रं त्याच दिवशी द्या. बाकी सामान इद्दत संपायच्या आत पोहोचवा, तेही तुमच्या खर्चाने. दोन्हीकडचे दोन साक्षीदार, यादी आणि मोबाइलवर व्हिडिओ. वापरून मोडलं किंवा विकलं असेल तर किंमत द्या. तुमच्या फोनवर उघडं राहिलेलं तिचं ई-मेल खातं बंद करा. तिचे खासगी फोटो तिला देऊन तुमच्याकडून कायमचे पुसा. तेही तिचंच सामान आहे. मेहर, मुलं, पोटगी यांची बोलणी यानंतर.

बहिणींसाठी एक गोष्ट: विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. यवतमाळला जिल्हा प्राधिकरण आहे, तालुक्यांना समित्या आहेत. सही करण्याआधी तिथे जा.

मी मेहरचे ५१ हजार नंतर तिच्या खात्यावर भरले. घरी त्यावरून बरंच ऐकावं लागलं. तो कागद फाडला. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. देणं होतं, उशिरा दिलं. शाळेतली ती जागा मी तिला परत देऊ शकलेलो नाही.

आपल्या बैठकीत बुजुर्ग बोलतात आणि शिकलेली मुलं पुण्या-मुंबईहून फोनवर ऐकत राहतात. पण सामान नवऱ्याच्या नावावर अडतं, आणि ते सोडा म्हणायला त्याचा एक फोन पुरतो. तुमच्या घरात, मामाच्या घरात, मित्राच्या घरात अशी एखादी अलमारी उभी असेल. या जुम्याच्या आधी टेम्पो सांगा.